भागिले तीन

लालबागच्या पुलावरून एका टॉवरची जाहिरात दिसते. सातव्या मजल्यावर बाग. खाली सहा मजले मोटारी, वर वीतभर माती, मातीवर हिरवळ, आणि मथळा : ‘मध्य मुंबईत मोकळी जमीन!’ जमीन सातव्या मजल्यावर गेली कशी, असं विचारू नये. परळची, गिरणीची जमीन आहे ती, गणितात हुशार.

गणित तिसरीतलंच. मुंबईच्या विकास नियमावलीतला 1991 चा नियम 58 सांगत होता की कापडगिरणीची जागा विकसायला काढलीत तर ढोबळ तीन वाटे करा : एक बागा-मैदानांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. जमीन सुमारे सहाशे एकर. गिरण्याही 58, म्हणजे पत्रिका तर छान जुळली होती. तरी दहा वर्षं बहुतेक मालकांना भागाकाराला सवड झाली नाही. मग 2001 साली दुरुस्ती आली. भागिले तीन कायम. फक्त भागायचं कशाला, ते बदललं. आता सगळी जागा नाही, शेडखाली नसलेली तेवढीच.

म्हणजे असं की, दिवाळीत आईने लाडवांचं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, तिघे भाऊ वाटून घ्या. थोरला म्हणाला, अवश्य. ताटात जिथे लाडू नाहीत, ती जागा तिघांत वाटू. मधल्याला दोन लाडवांमधली फट आली, धाकट्याला ताटाची कड. दोघांनी कोर्टकचेरी नको म्हणून चाटून घेतली. मग थोरल्याने लाडू उचलून आपल्या डब्यात भरले. ताट लख्ख रिकामं झालं. धाकटा हरखला, आता तर सगळंच मोकळं! छे, थोरला म्हणाला, तुपाचा डाग बघ, इथे लाडू होता. जिथे लाडू होता ती जागा लाडू उचलल्यावरही भरलेलीच. गिरणीचंही तेच. शेड पाडली, पत्रे भंगारात गेले, वर आभाळ दिसायला लागलं, म्हशी आणून चारल्या असत्या तरी हिशेबात तिथे शेड उभीच! 2005 साली कोर्टाने सांगितलं, ताट म्हणजे अख्खं ताट. मार्च 2006 मध्ये त्याहून वरच्या कोर्टाने सांगितलं, दुरुस्तीत लिहिलंय तेवढंच ताट. कोर्ट तरी काय करणार, ताट आधीच बदललेलं होतं.

पावसाला मात्र ही दुरुस्ती कुणी वाचून दाखवलेली नाही. तो दरवर्षी इथल्या हिंदमाता चौकात येऊन बसतो. भाग सखल आहे, मान्य, बशीच ती. म्हणून पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधायचं ठरलं. खणल्या कुठे? दादर-परळमध्ये जी बाग आणि जे मैदान वाचलं होतं, त्यांच्याच पोटात. सहाशे एकरांच्या शेजारी राहून पाण्याला जागा शोधायची ती पोरांच्या क्रिकेटखाली!

आणि घरं? 18 जानेवारी 1982 ला या गिरण्यांतली अडीच लाख माणसं संपावर गेली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज आले दीड लाखांवर. काहींना इथे मिळाली, लॉटरीत. लॉटरी! घामाच्या हिश्शाची सोडत काढतात, आणि नंबर लागला की लोक पेढे वाटतात. उरलेल्यांना आता कर्जतच्या वाटेवरचं शेलू आणि वांगणी दाखवतात. अरे, ज्याने या परळमध्ये कापसाची धूळ छातीत भरून घेतली, ज्याच्या रात्रपाळीवर या शहराचे दिवे लागले, त्याने म्हातारपणी गुडघे धरत कर्जत लोकल पकडायची? कशासाठी? तर ताटावर तुपाचा डाग होता म्हणून!

सातव्या मजल्यावरच्या बागेत जायला खाली नाव लिहावं लागतं. वही पुढे करणारा सिक्युरिटीवाला बहुधा याच भागातला, बाप कुठल्या तरी साच्यावर होता. गिरणीत पाळ्या तीन होत्या, आठ-आठ तासांच्या. इथे दोनच.