पाळणा की होडी?

"अगं, ऐकलंस का? समोरच्यांच्या सुनेकडे गोड बातमी आहे."

काकूंचं 'ऐकलंस का' पाच मिनिटांत कधी आटपत नाही. मी धुण्याची बादली खाली ठेवली आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? विरजण आणायला गेले होते, तर ओट्यावर तिची डायरी उघडी. मी काही वाचायला गेले नव्हते हो, दिसली. रविवारच्या चौकटीत पाळणा काढलाय. चांगला दोऱ्यांसकट!"

आमच्या वरसे गावात एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी धाटावच्या कंपनीच्या बसमध्ये चढली असती आणि रात्रीपर्यंत रोहा स्टेशनवर उतरली असती. मी ती डायरी आधी पाहिली होती, म्हणून म्हटलं, "काकू, जरा थांबा. त्या डायरीत सगळंच चित्रांत असतं."

"म्हणजे?"

"नवऱ्याची शिफ्ट बघा. फर्स्ट असली की अख्खा सूर्य, सेकंडला अर्धा, नाईटला चंद्रकोर. कोर असली की दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपलेला असणार. म्हणजे मिक्सर बंद, पाहुण्यांना चार वाजल्यानंतरच या म्हणायचं. पाणी यायच्या वारी नळ. सिलिंडर लावला त्या दिवशी बाटली. दिवा-रोहा गाडीने माहेरी जायचं असलं की एक डबा आणि दोन चाकं."

"इंजिन नाही?"

"इंजिनाला रेघा फार लागतात. चार रेघांत बसेल तेच काढायचं, असा तिचा नियम आहे."

हा नियम मला फार पटला. माझ्या भाचीने गेल्या वर्षी असलीच डायरी मोठ्या थाटात सुरू केली होती. रंगीत पेनं, नक्षीच्या चिकटपट्ट्या, फुलाफुलांचे स्टिकर. जानेवारीची पानं लग्नपत्रिकेसारखी सजली आणि फेब्रुवारीपासून वही कोरी. कामापेक्षा कामाचं चित्र काढायला जास्त वेळ जायला लागला, की चित्रही राहतं आणि कामही.

"पण मी म्हणते, सरळ लिहायला काय होतं? शिकलेली मुलगी आहे," काकू म्हणाल्या.

"लिहिलेलं शोधावं लागतं काकू, चित्र आपोआप डोळ्यांत भरतं. शिवाय काढलेलं लक्षातही राहतं. कॅनडात वॉटरलू विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांनी प्रयोग केले. माणसांना साधे साधे शब्द दिले, काही लिहायला लावले, काहींची चित्रं काढायला लावली. नंतर आठवायला सांगितलं, तर चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. २०१६ साली छापून आलंय. चित्राला नुसते चार सेकंद दिले तरी तेच."

"चार सेकंदांत काय चित्र येणार?"

"वेडंवाकडंच. तेवढ्याने भागतं. आणि ही डायरीची पद्धत अमेरिकेतली. रायडर कॅरल नावाच्या डिझायनरने २०१३ साली लोकांपुढे आणली. त्याच्या मूळच्या पद्धतीत मात्र चित्रं नव्हतीच. कामाला ठिपका, झालं की त्यावर फुली, पुढे ढकललं की बाण. चित्रं नंतर लोकांनी घुसडली."

अमेरिका म्हटल्याबरोबर काकूंनी पदर खोचला. "ठिपका नि फुली शिकायला अमेरिका कशाला? कालनिर्णय निघालं तेव्हापासून माझ्या भिंतीवर आहे."

"ते १९७३ ला निघालं."

"असेल. दूधवाल्याने दांडी मारली की तारखेवर फुली, जास्त घेतलं की टिंब. महिनाअखेर कधी वाद झाला नाही. आणि चित्रांचं म्हणशील तर आई चैत्रांगण काढायची. तीजेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज. शंख, चक्र, गदा, कमळ, गोपद्मं, तुळशीवृंदावन. मग फणी, करंडा, आरसा, आणि हो, पाळणासुद्धा! सगळी मिळून ५१ म्हणतात. मला निम्मीच यायची, उरलेली जागा मी गोपद्मांनी भरायचे."

गोपद्मांनी जागा भरणाऱ्या काकू मला लगेच डोळ्यांसमोर आल्या. पण चैत्रांगण आणि ही डायरी एकाच माळेत ओवता यायची नाही. अंगणातला शंख वरश्यातही शंख आणि पुण्यातही शंखच; आजीने ठरवून दिलेला, कुणालाही वाचता येणारा. निवडणुकीची चिन्हं तशीच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पेटीवर चित्रं लावली. सगळ्यांना एकच दिसावं हाच तिथे हेतू. डायरीतलं चित्र मात्र जिचं तिलाच लागतं. सासूबाई रोज ती वही चाळतात, पण लिहिलेलं असतं तर जे विचारलं असतं ते विचारता येत नाही. कुलूप लावायची गरजच नाही.

अर्थात त्याने घोळही होतात. गेल्या जानेवारीत एका शनिवारी तिने उपडं मडकं काढलं, खाली दोन जाळाच्या रेघा. सासूबाईंनी पाहिलं आणि घरात रामायण. "धडधाकट माणसं असलेल्या घरात मडकं नि जाळ? कुणाचं काढलंस हे?" ती बिचारी म्हणतेय, "अहो आई, पोपटी!" शनिवारी शेतावर पोपटी लावायचं ठरलं होतं. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, आणि पोपटीचं मडकं जाळात उपडंच ठेवतात, त्याला ती काय करणार? शेवटी मडक्याशेजारी वालाची एक शेंग काढली तेव्हा घर शांत झालं. त्या रात्री सगळ्यात जास्त शेंगा सासूबाईंनीच खाल्ल्या, असं तिचाच नवरा सांगत होता.

"ते राहू दे," काकू मूळ पदावर आल्या. "पाळण्याचं काय?"

"काकू, पाळण्याखाली काही होतं का?"

"नागमोडी रेघा होत्या. मला वाटलं गादी."

"ते पाणी आहे. ती होडी आहे, आणि तुम्ही म्हणता त्या दोऱ्या म्हणजे वल्ही. कॉलेजच्या मैत्रिणी येतायत, रविवारी कोलाडला राफ्टिंगला जायचंय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही."

काकू दोन क्षण गप्प. वरश्यात हे क्वचित घडतं. "म्हणजे कुंडलिकेत? त्या रबरी होडीत?"

"हो. सकाळी लवकर निघावं लागतं. भिऱ्याच्या वीजघराकडून पाणी सुटतं तेव्हाच नदीला ओढ असते, नंतर पाणी उतरतं."

"बाई बाई. आणि मी कोपऱ्यावरच्या वहिनींना सांगून बसले की!" मग आवाज खाली आणून, "असू दे. तेवढ्याने होडी झाकली जाईल. सासूला पाळणाच वाटू दे रविवारपर्यंत."

म्हणजे काकूंनी बाजू बदललीसुद्धा.

"तुम्हीही करा की असं," मी म्हटलं. "फुली नि टिंब तर येतंच."

"केलं गं! तू काय मला शिकवतेस? तिचंच बघून केलं. विम्याचा हप्ता होता, त्यांच्या कागदावर दोन हातांत दिवा असतो ना, तसा काढायला गेले. हात काही जमेनात, म्हणून नुसता दिवा काढला कालनिर्णयावर."

"मग छानच की. लक्षात राहिला?"

"मी गेले होते पनवेलला लेकीकडे. यांनी तो दिवा पाहिला, म्हणाले आज काहीतरी असणार, आणि बाजारातून तेल नि फुलवाती घेऊन आले. देवापुढे पाच दिवे लावले होते, मी आले तेव्हा."

"आणि हप्ता?"

"तो राहिला. वाती मात्र डबाभर आहेत. देऊ का तुला थोड्या?"