बाळाची आरटीओत नोंदणी करा

२०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावली आली. तिचं नाव ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला बांधकाम परवानगी तिथल्या तिथे द्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. या नियमावलीने गाड्यांवर आईसारखी माया केली आहे. केवढ्या सदनिकेमागे किती चारचाकी आणि किती दुचाकी, याचा तक्ताच दिला आहे. मोठ्या मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, स्कूटरला एक मीटर बाय दोन. त्याच सदनिकेत राहायला येणाऱ्या पोरांचा असा तक्ता काही मला सापडला नाही. बरोबरच आहे म्हणा. बुकिंग करणाऱ्याकडे गाडी असणार हे ठरलेलं. मूल काय, होईल न होईल.

म्हणून समस्त नंदुरबारकरांना माझी सूचना आहे की, बारसं झालं की बाळाची थेट आरटीओत नोंदणी करून टाकावी. एमएच ३९, पुढे घरच्यांना आवडेल तो नंबर. पाय दोनच असल्यामुळे दुचाकीच्या गटात बसायला अडचण नाही. कायद्याने हक्काची २ चौरस मीटर जागा मिळेल. तेवढ्यात लंगडी होणार नाही, पण गोट्यांचा डाव आरामात बसतो. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षं चालते. बालपणही साधारण तेवढंच टिकतं. पुढे नूतनीकरण करायचं की भंगारात काढायचं, हे दहावीचा निकाल पाहून ठरवता येईल.

आरटीओचा फेरा नको असेल, तर पोराला मिरची म्हणून दाखवता येतं का, तेही पाहावं. मिरचीच्या बाबतीत नंदुरबारचा हात धरणारं शहर राज्यात शोधून सापडणार नाही. हंगाम लागला की गावाबाहेर पथाऱ्यांवर नजर पोचेल तिथवर लाल गालिचा. मिरचीला उघडी जागा लागते, ऊन लागतं, वारा लागतो, ती वरचेवर हलवावी लागते. कोंडून ठेवली तर तिला बुरशी धरते. हे शास्त्र इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त ते शेंबड्या पोरालाही लागू पडतं, हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. अवकाळीचे चार थेंब पडले तर पथारीवर ताडपत्र्या घेऊन केवढी धावपळ होते! मिरची भिजली तर नुकसानीचा पंचनामा तरी मागता येतो. पोरगं वर्षभर दोन खोल्यांत कोंबून ठेवलं, तर त्याचा पंचनामा कोणत्या तलाठ्याकडे मागायचा?

सरकारने मुलांचा विचार केलाच नाही, असं म्हणणं मात्र कृतघ्नपणाचं होईल. विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण असतं. नकाशावर ते छान हिरवं दिसतं. पण १९६६ च्या नगररचना कायद्यात १२७ नावाचं एक कलम आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपलं. आता हिशोब करा. आराखडा लागू झाला तेव्हा पोरगं ५ वर्षांचं होतं. १० वर्षं ते हिरव्या डागाकडे पाहत राहिलं. पुढची २ वर्षं नोटीस या टेबलावरून त्या टेबलावर खेळली. त्या मैदानासाठी कुणी खेळलं असेल तर ती एकटीच. आरक्षण उठलं तेव्हा पोरगं १७ वर्षांचं. आणखी एक वर्ष धीर धरला की ते मतदार होतं, आणि मग त्याची विचारपूस करायला माणसं घरी येतात.

आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात. मुलांची एकही हरकत येत नाही, यावरून मुलं समाधानी आहेत असा निष्कर्ष निघतो.

मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, तिचा इतिहास तर कोणत्याही वसाहतीत जाऊन वाचता येतो. आधी तिथे बाभळी येतात. मग कुणाला तरी दृष्टांत होतो आणि मंदिर येतं. मंदिरामागून सभामंडप, सभामंडपामागून निधी, आणि निधी उरला की व्यायामाची लोखंडी यंत्रं. त्यांवर सकाळी काका कंबर हलवतात आणि दुपारी गोधड्या वाळतात. शेवटी कुंपणावर पाटी लागते: येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. ‘पोरेसले खेळाले जागा कोठे शे, भाऊ?’ असं एखादी आजी विचारते, तर तिला समजावावं लागतं की, आजी, ही जागा खुली आहे, मोकळी नाही.

परदेशात उलट्या खोपडीची माणसं. महायुद्धानंतर ॲमस्टरडॅमच्या पालिकेत आल्डो व्हॅन आईक नावाचा तरुण वास्तुरचनाकार होता. १९४७ पासून त्याने पडीक तुकडे, चौक, पडलेल्या घरांच्या जागा हेरल्या आणि तिथे वाळूचे हौद नि चढायच्या लोखंडी कमानी बसवल्या. तीसेक वर्षांत अशी सातशेच्या वर खेळमैदानं झाली. लोक पालिकेला पत्र लिहून आपल्या गल्लीत मैदान मागायचे आणि पालिका ती पत्रं वाचायची. सातशे जागा, आणि एकीचंही व्यापारी संकुल करावंसं वाटलं नाही! नियोजनशास्त्राची पदवी कशी मिळाली असेल त्याला?

त्याच देशातल्या व्हॅन लीअर फाउंडेशनने हल्ली एक खूळ काढलं आहे: शहर ९५ सेंटिमीटर उंचीवरून बघा. धडधाकट तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढी असते. पुण्यानेही त्यात भाग घेतला. मी आमच्या बाजारात गुडघे वाकवून हा प्रयोग केला. त्या उंचीवर मोटारसायकलचे सायलेन्सर थेट तोंडासमोर येतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक क्षितिजासारखं दिसतं. वाढदिवसाच्या फलकावर साहेब असतात वर. खालच्या ओळीतले गॉगलवाले शुभेच्छुक बरोबर डोळ्यासमोर येतात. मी लवकर उभा राहिलो.

शिवाय हे ९५ सेंटिमीटर आम्हाला परवडणारं माप नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वजनाने कमी भरली, आणि शंभरातली चाळीसहून जास्त वयाच्या मानाने खुजी निघाली. तेव्हा पुण्याचं माप इथे लावाल तर नंदुरबारचं पोरगं त्या नजरेच्याही खालीच राहील. बाकड्यांची, नळांची उंची कमी केली तर खर्चात बचत होईल, असा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही. मांडला तर मंजूर होईल.

तरीही या शहराला मुलांचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती कोसळले. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे आणि गावाचा माथा तिथे खरोखर झुकतो. तेव्हा सरकार परकं होतं आणि पोरांना रस्त्यावर यायला मनाई होती. आता सरकार आपलं आहे, मनाई कसलीच नाही, फक्त रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. अभिवादनाच्या भाषणांत नव्या पिढीने मोबाईल सोडून बाहेर पडावं, असं आवर्जून सांगतात. वक्त्यांच्या गाड्या कुठे लावल्या आहेत, हे नव्या पिढीने विचारू नये.

तर आरटीओचा मार्गच सरळ. अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. मालक: आईवडील. आसनक्षमता: एक, कडेवर धाकटं असल्यास दोन. हॉर्न: मूळचाच, कर्कश. ‘इंधन’ या रकान्यापाशी मात्र घोडं अडलं आहे. ‘अंगणवाडीतलं अंडं’ असं लिहून ठेवलंय खरं, पण खिडकीतला कारकून मान वर न करता पुढचा प्रश्न विचारणारच: ‘ॲव्हरेज किती देतं?’