ताकात पाणी खंयचा?

आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी एकमेकांना "झालं?" एवढंच विचारतात. काय झालं, ते विचारायची गरज पडत नाही. "झालं" असं उत्तर आलं की राजकारण, क्रिकेट आणि सुना या विषयांना हात घातला जातो. "नाही हो" असं आलं, तर बाकीचे विषय तहकूब होतात आणि इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, कोमट पाण्यात तूप असे ठराव एकामागून एक मांडले जातात.

अलीकडे या चर्चेला शास्त्रीय अधिष्ठान लाभलं आहे. बी-विंगमधल्या काकांनी उभी हयात एका सरकारी खात्यात फायली तुंबवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर त्यांना त्याच दोषाविषयी कमालीची आस्था निर्माण झाली. मोबाइलवर पाहून पाहून त्यांना असं कळलं की, माणसाच्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जीवाणू त्याच्या अंगावर आणि पोटात नांदत असतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपण न पचवता पुढे ढकललेले तंतुमय पदार्थ ते खातात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करून देतात. सोसायटीत भाडेकरू ठेवायला दर सभेत कडाडून विरोध करणारे हे काका पोटातल्या भाडेकरूंविषयी मात्र फार हळवे झाले. "त्यांना काय आवडतं ते बघायला हवं," असं ते म्हणू लागले. काकूंनी चाळीस वर्षांत हे वाक्य स्वतःबद्दल एकदाही ऐकलेलं नव्हतं.

जीवाणूंना काय आवडतं, यावर आमच्या घरात आधीपासूनच दोन पक्ष आहेत. आई मालवणकडची, बायको सोलापूरची. मधल्या मधे माझ्या पोटाचा बेळगाव झाला आहे. दोन्ही बाजू हक्क सांगतात आणि तिथल्या रहिवाशाला कुणी विचारत नाही.

आईच्या मते यच्चयावत विकारांवर उतारा एकच, उकड्या तांदळाची पेज. वर चिमूटभर मीठ, शेजारी लोणच्याची फोड. बायकोच्या मते भात हा जेवणानंतर झोपण्याचा परवाना आहे. माणसाने भाकरी खावी. एकदा तिने आकडेच काढले. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तंतूच होये तर तेका सुंभ वाढ."

पण आईची बाजूही काही नुसत्या जिभेवर उभी नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ भडकली, सलाईनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजलं आणि हजारोंचे प्राण वाचले. साखरेच्या जागी तांदळाचं पीठ शिजवून घातलं तरी पटकीच्या रुग्णांत ते उत्तम काम करतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मी हे आईला वाचून दाखवलं. "म्हणजे मीठ घातलेली पेजच ती," आई म्हणाली, "ह्येका एवढे डॉक्टर कित्याक होये?"

बायकोचं उत्तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर होतं. तिने रात्री ज्वारीचं पीठ ताकात सरसरीत कालवून झाकून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तेव्हा वर बारीक बुडबुडे धरले होते आणि आंबूस वास हॉलपर्यंत आला होता. मग आधणात ते पीठ एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत तिने आंबील शिजवली. आंबील शिजवताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. गुठळी झाली तर ज्याने शेवटचं वाक्य उच्चारलं त्याच्या नावावर लागते. वर ठेचलेला लसूण, जिरं, मीठ आणि निवल्यावर पळीभर ताजं ताक. हे शेवटचं ताक महत्त्वाचं, कारण शिजवताना आंबवणारे जीवाणू बिचारे कामी आलेले असतात. मात्र आपलं काम करून ते गेलेले असतात. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह अंगी लागणं सोपं जातं. आईने वाटीभर आंबील खाल्ली. "बरी आसा," म्हणाली. मालवणी माणसाकडून याहून वरचा पुरस्कार मिळत नाही.

दोन्ही पक्षांचं एकमत फक्त ताकावर. आमच्या घरचं विरजण मूळचं ए-विंगमधल्या माईंचं. ते आमच्याकडून तिसऱ्या मजल्यावर गेलं, तिथून सी-विंगमध्ये. मधे आमचं दही बिघडलं तेव्हा सी-विंगमधूनच परत आलं. सोसायटीत पार्किंगवरून ज्यांचं बोलणं बंद आहे, त्यांच्या पोटांत एकाच घराण्याचे जीवाणू नांदत आहेत. ताकाचं हे माहात्म्य काकांनी थेट रशियापर्यंत नेलं. १९०८ सालचे नोबेल मानकरी मेचनिकॉफ यांचा असा दावा होता की, आंबट दुधातले जीवाणू आतड्यातली सड थांबवतात आणि आयुष्य वाढवतात. ते स्वतः रोज आंबट दूध पीत. "मग किती जगले?" माईंनी विचारलं. "एकाहत्तर," काका जरा हळू आवाजात म्हणाले. माईंनी नव्वदीच्या उंबरठ्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "विरजण चांगलं नसेल मिळालं," म्हणाल्या.

एवढं सगळं झाल्यावर काकांना पारंपरिक खाद्यमहोत्सव सुचणं क्रमप्राप्त होतं. सभा भरली. नाचणीची आंबील, ताकातला चाकवत, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मेतकूट-भात अशी यादी झाली. बॅनरचा खर्च मंजूर झाला. बॅनरवर काकांचा फोटो असावा की नसावा यावर अर्धा तास गेला. पुढचा विषय होता गच्चीवरची टाकी धुण्याचा. निधी शिल्लक नसल्यामुळे तो पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. मग ताकाचं नियोजन निघालं. शंभर माणसांचं ताक तांब्याच्या मोठ्या हंड्यात ठेवावं, फोटो चांगले येतील, असं काकांनी सुचवलं.

"कळकतला!" आई मागच्या खुर्चीवरून म्हणाली. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवला की कळकतो, म्हणून तर भांड्यांना कल्हई असायची. काकांनी हंडा मागे घेतला. तेवढ्यावर भागलं असतं, पण आईने पुढे विचारलं, "आणि ताकात पाणी खंयचा?"

सभेत शांतता पसरली. वाटीभर दह्याला दोन-तीन वाट्या पाणी, म्हणजे ताक हे मुख्यतः पाणीच. आणि पाणी त्याच टाकीतलं, जी धुवायला पैसे नव्हते. प्यायचं पाणी उकळणाऱ्या, गाळणाऱ्या, त्यासाठी भिंतीवर यंत्र लटकवणाऱ्या घरांतही ताकात, चटणीत आणि कोथिंबीर धुवायला पाणी नळाचंच असतं. पाहुण्याला उकळलेलं पाणी देऊन त्यात नळाच्या पाण्याचा बर्फ टाकणारेही मी पाहिले आहेत.

"पूर्वी लोक नदीचं पाणी पीत आणि ठणठणीत असत," असा एक सूर उमटलाच. ठणठणीत होते, पण जे उरले ते. देशावर गावाच्या वेशीला मरीआईचं ठाणं असतं, ते पटकीच्या भयातून. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा येत. वारकऱ्यांच्या शिदोरीत भाकरी होती, ठेचा होता, पोटाला हवं ते सगळं होतं; पाणी तेवढं हजारो माणसं उतरलेल्या नदीचं होतं. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यात पटकीचे जंतू रुग्णांच्या आतड्यात सापडले, तसे तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडले. ते तळं आंघोळीचं, धुण्याचं आणि पिण्याचंही होतं. फार मागे जायलाही नको. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोमची) साथ आली, तेव्हा बोट दूषित पाण्याकडेच गेलं. रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जीवाणू सापडला. त्याच्याशी लढताना काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतलं बळ जातं. काही जण त्यातून वाचले नाहीत. पुण्यात त्या महिन्यात ताकाचे गुण कुणी सांगत नव्हतं. सगळे पातेली उकळत होते.

आईच्या माहेरी विहीर होती. तिथल्या पाण्याचं ती तोंडभरून कौतुक करते, पण त्या कौतुकात नियम फार आहेत. कठड्याशी कपडे धुवायचे नाहीत. माठात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं. पावसाळ्यात पाणी खळखळून उकळायचं आणि उकळलं त्याच भांड्यात झाकून निववायचं. पंचायतीचा माणूस टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून गेला की अर्धा तास घागर लावायची नाही. घरच्या ताकाची चव सगळ्यांना आठवते. हे नियम मात्र आठवणींच्या लेखांत कुणी लिहीत नाही, कारण त्यांत रमण्यासारखं काही नाही.

सभेने बॅनर रद्द केला आणि टाकी उघडली. आत गाळ, कबुतराची पिसं, पतंगाचा मांजा, दोन चेंडू आणि एक डाव्या पायाची चप्पल निघाली. चप्पल कुणी ओळखली नाही. नंतर काकू काकांना घेऊन लगबगीने घरी गेल्या. टाकी घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, झाकणाला कुलूप लावण्यात आलं. महोत्सव झाला. ताक उकळून गार केलेल्या पाण्याचं होतं, स्टीलच्या पिंपात होतं, आणि फोटोत अजिबात चांगलं आलं नाही. संपलं मात्र सगळ्यांत आधी.

काकांना आता पाण्याचा नाद लागला आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर पूर्वी रोज सकाळी गुलाबाचं फूल यायचं, त्याजागी आता पिवळ्या नळीचा फोटो येतो. खाली एकच शब्द असतो, "झालं." हा अहवाल टाकीचा की काकांचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही. सगळे अंगठा दाखवतात आणि चहाचं आधण ठेवतात.