राउटरच्या कचेरीतील कळांचा शिरस्ता

ज्या इसमास सिस्को कंपनीच्या राउटरशी कन्सोल केबलने अथवा दुरून एसएसएचने संधान बांधून, काळ्या पडद्यावरील हॅश चिन्हासमोर हुकूम टंकित करण्याचा प्रसंग येतो, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की ह्या कचेरीत माउसाला मज्जाव आहे. चित्रावर टिचकी मारून कामे करवून घेण्याची सवय उंबऱ्याबाहेर ठेवावी आणि दहा बोटे तेवढी आत न्यावीत.

कळांच्या ह्या संप्रदायाचे मूळ १९७६ साली अमेरिकेतील एमआयटीत जन्मास आलेल्या ईमॅक्स नामक संपादकात आहे, हे खरे. तथापि ज्याच्या कानावरून थोडेबहुत संस्कृत गेले आहे त्यास निराळाच संशय आल्यावाचून राहत नाही. कंट्रोल-ए दाबताच ओळीच्या आरंभी जाता येते, कंट्रोल-ई दाबताच इतिपर्यंत. कंट्रोल-पी पूर्वीचा हुकूम पुढ्यात आणते, कंट्रोल-एन नंतरचा. कंट्रोल-यूने कर्सरच्या डावीकडील मजकुराचे उच्चाटन होते, कंट्रोल-केने उजवीकडील मजकुराचे कर्तन, आणि छाटलेले परत यावे असे वाटल्यास कंट्रोल-वाय आहेच. एकेक अक्षर मागेपुढे नेणाऱ्या बी व एफ ह्यांची सोय आमच्या व्युत्पत्तीत लागली नाही. विद्वानांनी ती लावावी.

हुकूम अर्धवट लिहून टॅब दाबल्यास राउटर तो स्वहस्ते पुरा करतो, आणि प्रश्नचिन्ह टाकल्यास पुढे काय लिहिता येईल ह्याची यादी देतो. इतके सौजन्य मनुष्य कारकुनाकडून अपेक्षू नये. मात्र कंट्रोल-पीने परत आणण्याजोगे, निराळे न सांगितल्यास, शेवटचे दहाच हुकूम दफ्तरी राहतात, सबब अकरावा आठवण्यास स्वतःचे डोके वापरावे.

राउटरचा एक दुर्गुण असा, की एखादा शब्द चुकीचा टंकित झाल्यास त्यास ते कोणा दूरस्थ यंत्राचे नाव वाटते, आणि नाव-पत्ता सांगणारा सर्व्हर नेमून दिलेला नसेल तर तो २५५.२५५.२५५.२५५ ह्या पत्त्यावर, म्हणजे साऱ्या गावात, त्या अशुद्ध शब्दाची दवंडी पिटतो. दवंडी आवरण्यास कंट्रोल, शिफ्ट व ६ ह्या तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. 'नो आयपी डोमेन-लुकअप' असे फर्मान आगाऊ काढून ठेवणे शहाणपणाचे. पण ते पहिल्या दवंडीपूर्वी कोणी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता कंट्रोल-झेड. इतरत्र ही कळ केलेले मागे घेते. येथे, कॉन्फिगरेशन चालू असता, ओळीवर जो काही वैध हुकूम असेल त्याची अंमलबजावणी करून ती बाहेर पडते. झेड म्हणजे 'झाले'. एका आडवळणाच्या शाखेतील राउटरवर काम करीत असता मी 'शटडाउन' लिहिले, आणि ज्या इंटरफेसमधून मी स्वतः आत आलो होतो तोच आपण बंद करीत आहोत हे उमजताच, पत्रे लिहिताना जडलेल्या सवयीने, मोठ्या तत्परतेने कंट्रोल-झेड दाबले. दाबायचे होते कंट्रोल-सी, जे ओळ टाकून देते. पुढचा प्रवास केबल पिशवीत घालून एसटीने झाला.

अशा प्रसंगांसाठी 'रिलोड इन १०' ही तजवीज आहे: दहा मिनिटांनी राउटर आपण होऊन पुन्हा सुरू होतो, आणि जतन न केलेला सारा अविचार विसरतो. काम सुखरूप पार पडल्यास 'रिलोड कॅन्सल' म्हणून ती रद्द करावयाची असते. पुढच्या खेपेस मी ही तजवीज यथासांग केली, काम निर्वेध पार पडले, ते जतनही केले, आणि पडद्याकडे पाठ करून चहा मागवला. कॅन्सल आठवले तेव्हा कपात अर्धा चहा शिल्लक होता आणि शाखेतून फोन वाजू लागला होता.