मॉडेलची तक्रार नाही

माणसांनी स्वतःची चित्रं काढून घेणं थांबवावं आणि तेच पैसे घरातल्या कुत्र्यामांजरांच्या चित्रांवर खर्च करावेत, असं माझं मत आहे. हे मत भूतदयेतून आलेलं नाही. कुत्रा माणसापेक्षा प्रामाणिक असतो वगैरे जी वाक्यं रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर चिकटून व्हॉट्सॅपवर येतात, त्यांच्याशीही त्याचा संबंध नाही. पाठ वळताच ताटातली पोळी पळवणारा प्राणी प्रामाणिक कसा, हे मला कधी कळलेलं नाही. माझा मुद्दा निव्वळ चित्रकलेचा आहे. पैसे मोजून काढून घेतलेलं चित्र खरं उतरायचं असेल, तर ज्याचं चित्र आहे त्याला आपण कसे दिसतो याची फिकीर नसावी लागते. ही अट घरातले फक्त चार पायांचे सभासद पुरी करतात. आरशातलं प्रतिबिंब आपलंच आहे हे ओळखण्याची जी परीक्षा १९७० मध्ये चिंपांझींवर झाली आणि पुढे अनेक प्राण्यांवर, तीत कुत्रं नापासच होतं. नाकाचा शेंडा वाकडा आला म्हणून ते रुसणार नाही. आणि हे चित्र शक्यतो रंगीत पेन्सिलींनी काढून घ्यावं, असंही माझं म्हणणं आहे. त्याचं कारण पुढे येतंच.

साक्षीला थेट जहांगीर बादशहालाच बोलावतो. १६१२ मध्ये मुकर्रब खान नावाच्या त्याच्या सरदारानं गोव्याहून काही नवलाचे पशुपक्षी आणले. त्यांत एक टर्की होता. बादशहानं असलं ध्यान कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवलंय की बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना ती काढायला सांगितलं नाही. आपण मात्र काढून घेतली, म्हणजे नुसतं ऐकून वाटणारं नवल आणखी वाढेल. काम उस्ताद मन्सूरकडे गेलं. तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, मानेखाली लोंबणाऱ्या सुरकुतल्या कातडीसकट. ती कातडी जरा आवरून घे, असं मन्सूरला कोणी सांगितलं नाही. १६२१ मध्ये झेब्रा आला तेव्हा तर कोणी घोड्याला पट्टे रंगवून आणलाय की काय, याची आधी बारकाईनं तपासणी झाली आणि मगच तो कागदावर उतरला. गिऱ्हाईक असावं तर असं.

आता याच गिऱ्हाइकाचं स्वतःचं चित्र बघा. अबुल हसन या तितक्याच तयारीच्या दरबारी चित्रकारानं १६१६ च्या सुमारास एक काढलं, ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. माशाच्या पाठीवर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल, गोलावर प्रभावळ लावून खुद्द बादशहा, आणि तो धनुष्य ताणून बाण मारतोय कशावर, तर भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर. यातली गंमत मराठी वाचकाला फोडून सांगायला नको. निजामशाहीच्या या वजिरानं मोगली फौजांना दख्खनच्या डोंगरात वर्षानुवर्षं नाचवलं, त्यांच्या हाती कधी लागला नाही आणि १६२६ मध्ये चांगला म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. म्हणजे दरबार एक, कारखाना एक, पैसे देणारा हात एक. टर्कीचं चित्र आजही जीवशास्त्राच्या पुस्तकात छापावं असं, आणि बादशहाचं चित्र म्हणजे निवडणुकीतला फ्लेक्स. फरक कौशल्याचा नव्हता. टर्कीला मलिक अंबरशी काही देणंघेणं नव्हतं, एवढाच.

बादशाही गेली, पार्लमेंट आलं, तरी फार काही सुधारलं नाही. १९५४ मध्ये चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ब्रिटिश पार्लमेंटनं त्याला ग्रॅहम सदरलँडकडून काढून घेतलेलं व्यक्तिचित्र भेट दिलं. सदरलँडनं दिसला तसा थकलेला, खुर्चीत रुतलेला म्हातारा काढला. चर्चिल स्वतः हौशी चित्रकार, युद्धात बॉम्बगोळ्यांना न भ्यालेला. या चित्रापुढे मात्र त्याचा धीर सुटला. पुढे घरच्यांनी ते चक्क जाळून टाकलं. आपल्याकडे जाळायची वेळ येत नाही, कारण खरं चित्र निघूच दिलं जात नाही. पूर्वी फोटो स्टुडिओवाला निगेटिव्हवरच मुरूम पुसून द्यायचा, आता प्री-वेडिंगवाला सिंहगडाच्या पायथ्याशी धूर सोडून नवऱ्या मुलाला संस्थानिक करून देतो. तो मुलगा सोमवारी लोकलच्या दारात लटकलेला दिसला तर फोटोवरून कोणी ओळखणार नाही.

इथे एक जाणकार आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. मॉडेल निरिच्छ असेल हो, पण पैसे मालक देतो, आणि मालक कुठे निरिच्छ असतो? आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूनं एडविन लँडसीअर उभा आहे. व्हिक्टोरिया राणीचा लाडका स्पॅनियल डॅश यानंच रंगवला. १८३७ च्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात मेंढपाळाच्या शवपेटीवर हनुवटी टेकून एक कुत्रा असा काही शोक करतो की सख्खा मुलगाही करणार नाही. हे चित्रही त्या टर्कीच्याच संग्रहालयात आहे, आणि दोघांत खोटं कोणतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कुत्र्याच्या चेहऱ्यावर आपण वाटेल ते वाचतो, याला शास्त्रीय पुरावाही आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही याची माहिती मालकाला कधी खरी दिली जायची, कधी खोटी. मालकांना ओळखीचा असलेला तो ‘चूक झाली’वाला ओशाळा चेहरा खाण्यावर अवलंबून नव्हता, ओरडा खाण्यावर होता, आणि काही न खाता ओरडा बसलेली गरीब बिचारी कुत्री सर्वांत जास्त अपराधी दिसली. असा मालक चित्रकाराकडे गेला की काय मागणार? ‘त्याच्या डोळ्यांतलं प्रेम आलं पाहिजे हां.’ ‘जरा हसरा करता येईल का?’ ‘गळ्यात बो घाला ना, माणसासारखा दिसेल.’

आक्षेप मान्य. म्हणूनच मी पेन्सिलींचा आग्रह धरतो. तैलरंगात गिऱ्हाइकाचं काहीही ऐकता येतं. कालचं नाक आज झाकून टाकावं, उद्या त्यावर तिसरं काढावं. रंगीत पेन्सिलीला हा लवचीकपणा नाही. कागदाला अंगचा खरखरीतपणा असतो, त्यात रंगाचा थर अडकतो. हलक्या हातानं एकावर एक असे दहा-पंधरा थर चढतात, मग कागद भरतो, गुळगुळीत होतो आणि पुढची पेन्सिल नुसती घसरते. गडदावर फिकं चढत नाही. त्यामुळे काळ्या मांजरीच्या पांढऱ्या मिश्यांचा निर्णय अगदी सुरुवातीला घ्यावा लागतो: बोथट टोकाच्या अवजारानं कागदावर मिशीची बारीक खाच आधीच पाडून ठेवायची, म्हणजे वरून काळा रंग फिरवला तरी खाचेत तो उतरत नाही आणि मिशी पांढरी राहते. चित्र पूर्ण झाल्यावर ‘डावीकडे एक मिशी वाढवा’ असा निरोप आला, तर चित्रकार नम्रपणे सांगू शकतो की मांजरीलाच विचारा. खोडरबर असतं, पण ते मेणाळ रंग थोडा उचलतं, पूर्ण नाही. म्हणजे हे माध्यमच असं आहे की मालकाच्या सूचनांना दार उघडं असतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं.

तरीही मालक प्रयत्न सोडत नाही, आणि खरी कसोटी रस्त्यावरून घरी आलेल्या गावठी कुत्र्याच्या चित्रात लागते. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाचा छोटा तुकडा कापलेला असतो, पुन्हा कोणी त्याला पकडून नेऊ नये म्हणून. अशा कुत्र्याला घरी आणून ‘सिम्बा’ केलं की मालकाला तो कान खटकू लागतो. ‘चित्रात कान भरून द्या’ ही मागणी बहुतेकदा फोटोंच्या आधी येते. माझ्या मते चित्रकारानं इथे हट्टानं नाही म्हणावं. तो तुकडा म्हणजे त्या कुत्र्याचं सरकारी ओळखपत्र आहे, आणि ओळखपत्रावरचा फोटो बदलत नसतात. असाच वाद काळ्या कुत्र्याच्या रंगावरून होतो. नुसत्या काळ्या पेन्सिलीनं काढलेला काळा कुत्रा म्हणजे कागदाला पडलेलं भोक. जाणता चित्रकार आधी गर्द निळा, तपकिरी, जांभळा असे थर देतो आणि चकाकणाऱ्या पाठीवर आकाशाचा निळा ठेवतो. ‘आमचा काळा आहे, निळा नाही’ म्हणून भांडणाऱ्या मालकानं एकदा कुत्र्याला दुपारी गच्चीवर नेऊन त्याच्या पाठीकडे बघावं. खुद्द कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यात त्याचा घोळ होतो. त्याला मत विचारलं तर ते चित्रकाराच्या बाजूनं पडेल.

फोटो काय वाईट, हा प्रश्न येणारच. फोटो वाईट नाही, चित्रकारही फोटोवरूनच काम करतो. कारण मांजर एका जागी तासन्‌तास बसतं खरं, पण आपल्याला हव्या त्या बाजूला तोंड करून नाही. मात्र फोन नाकाशी नेला की नाक भोपळ्याएवढं येतं आणि कान मागे पळतात. फ्लॅश मारला की डोळ्यांच्या पडद्यामागचा चकाकता थर उजळून घरचं मांजर हडळ दिसतं. म्हणून चित्रकार सांगतात की खिडकीच्या उजेडात, प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर फोटो घ्या. मध्यमवयीन गृहस्थ मांजरीसमोर फरशीवर पालथा पडलेला असतो, असं दृश्य या निमित्तानं अनेक सुसंस्कृत घरांत घडतं. राहिलं ते एका बटणावर फोटोचं पेन्सिलचित्र करणारं ॲप. ते फुकट असतं आणि क्षणात होतं. पण ॲप कधी नाही म्हणत नाही. कान भरून दे म्हटलं की भरतं, हसव म्हटलं की हसवतं. जहांगीरला मिळालं असतं तर त्यानं टर्कीलाही प्रभावळ लावली असती. कान भरणार नाही, असं ठणकावणारं कोणी हवं असेल तर अजून तरी पैसे मोजून माणूसच गाठावा लागतो.

‘देशात माणसांना खायला नाही आणि कुत्र्याचं चित्र?’ हा प्रश्न विचारणारे तो प्री-वेडिंगच्या वेळी विचारत नाहीत, एवढं सांगून मी पुढे जाणार होतो. पण हिशेबच मांडायचा तर या सबंध व्यवहारात कुत्र्याला छदामही मिळत नाही. पैसे जातात ते आर्ट स्कूलमधून शिकून, मान मोडून, एकेक केस ओढत बसलेल्या एका माणसाला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला हवं होतं तेच होतंय.

चित्र घरी आलं की काच लावून घ्यावी, पण काचेचा कागदाला स्पर्श नको, आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर अजिबात नको. उन्हाचीही काळजी घ्यावी. रंगीत पेन्सिलींत गुलाबी आणि जांभळ्या छटा बहुधा सर्वांत आधी उडतात. खिडकीसमोर टांगलेल्या चित्रात बाकी कुत्रा तंदुरुस्त राहतो, जीभ तेवढी पांढरी पडते. मराठी घरात आणखी एक अडचण असते ती शेजाराची. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहेत, त्यांची कोणी चौकशी करत नाही. पण आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी पाचवा लावला की पाहुणे आवाज खाली आणून ‘कधी गेला?’ विचारतात, आणि तो त्याच वेळी त्यांचे मोजे हुंगत असतो. तेव्हा भिंत वेगळी निवडावी. खाली नाव लिहायचंच असेल तर नुसतं ‘सिम्बा’ पुरे. ‘सिम्बा देशपांडे’ ही टूम प्राण्यांच्या दवाखान्यातल्या फायलींवरून आलेली आहे, आणि एकदा आडनाव चिकटलं की देशपांड्यांच्या घराण्यात असा कान कोणाचा नव्हता, हे सांगायला कोणीतरी आत्या हजर होते.