रविवारचं गाव

मुंबईत नोकरी करणाऱ्याला घर कुठे परवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मध्य रेल्वेचा नकाशा समोर घ्यायचा, दादरवर बोट ठेवायचं आणि आपला पगार आठवत ते पुढे सरकवायचं. घाटकोपर-मुलुंडला बोट थांबतच नाही. ठाण्याला जरा रेंगाळतं, कारण ठाण्याला प्रत्येकाची एक आत्या असते आणि तिनं 'त्या काळात' घेतलेल्या घराची आजची किंमत ऐकून आपण एकदा पाणी मागितलेलं असतं. डोंबिवलीला बोट म्हणतं, पाहू. कल्याणला रुळांना फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे जातो, एक कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बोट बदलापूरला पोचतं, तेव्हा कुठे पगाराची आणि घराची पहिली नजरानजर होते. तोवर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर झालेले असतात. आणि गंमत अशी, की घर आवाक्यात आलं म्हटल्यावर माणसाला नुसतं घर पुरत नाही. त्याला सोबत गावही हवं असतं.

मी बदलापूरला राहतो. रविवारी माझ्याकडे पाहुणे येतात. ते मला भेटायला येतात, असं समजण्याचा काळ मागे पडला. ते घर बघायला येतात, मी वाटेत लागतो. पोहे संपले की ठरलेलं वाक्य येतं, "अगदी स्टेशनजवळ नको रे. थोडं आत, गावात असं काही तरी बघ ना." या 'असं काही तरी'मध्ये काय काय आहे ते खोदून विचारलं, तर कौलारू घर, पुढे ओटा, मागे विहीर, दारात जास्वंद, समोर चंदेरीचा डोंगर आणि सकाळी सातच्या सुमाराची फास्ट लोकल, एवढं सगळं निघतं. यातलं प्रत्येक इथे आहे. एका पत्त्यावर मात्र नाही.

माझा एक मावसभाऊ फोर्टात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. फ्लॅट नकोच, एक-दोन गुंठे घेऊन ठेवू, सवडीनं बांधू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दादरच्या दीड खोलीत वाढलेल्या माणसाला तो वाडाच वाटतो. पण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. शिवाय या भागात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या पुष्कळ, आणि आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. "तू शेतकरी आहेस का?" असं विचारल्यावर तो दुखावला. "म्हणजे काय, आमची गावाला जमीन आहे की!" जमीन आहे हे खरं. पण रत्नागिरीकडच्या त्या सातबाऱ्यावर पणजोबांपासून इतकी नावं चढली आहेत, की वर्षाला नावामागे एक आंबा आला तरी बरकत म्हणायची. शेतकरी असल्याचा दाखला काढायला तो दोनदा गावी गेला. दाखला मिळाला नाही, पण चुलत्यांशी बोलणं पुन्हा सुरू झालं, हा जमिनीचा फायदा कुणी लक्षात घेत नाही.

मग आम्ही मुळगावच्या बाजूला एक एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट बघायला गेलो. एजंट कुंपणाचे खांब दाखवत होता आणि शेजारच्या घरातले आजोबा आमच्याकडे बघत होते. मावसभावानं कौतुकानं म्हटलं, "काका, नशीबवान आहात. काय हवा आहे तुमच्याकडे!" आजोबांनी मान डोलावली. "हवा हाय. आमचा पोरगा कल्याणला फ्लॅट बघतोय. गावातल्या पोराला मुलगी देत नाहीत म्हनं." दोघं एकमेकांकडे थोडा वेळ बघत राहिले. त्या दिवशी एका बाजूच्या माणसाला गावात यायचं होतं, दुसऱ्या बाजूच्या पोराला गावातून निघायचं होतं, आणि मध्ये उभा असलेला एजंट दोघांच्याही भल्याचा विचार करत होता.

खरं पाहिलं तर या पट्ट्यात गावाच्या ओढीनं फारसं कुणी आलेलं नाही. उल्हासनगर हे आधी कल्याणजवळचं लष्करी छावणीचं ठिकाण. महायुद्ध संपलं, फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेल्या माणसांना त्या रिकाम्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. ज्यांना बराक मिळाली त्यांनी कुठे डोंगर दिसतो का ते विचारलं नव्हतं. त्यांनी दुकानं काढली, फर्निचर आणि जीन्सचा बाजार उभा केला आणि २०११च्या जनगणनेत ते शहर पाच लाखांवर गेलं होतं.

अंबरनाथची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. देवाला जागा आवडली ती वालधुनीच्या काठची. पुढे तिथेच ऑर्डनन्स फॅक्टरी आली, काडेपेट्यांचा विमकोचा कारखाना आला, एमआयडीसी आली. माणसं कामाच्या जागेजवळ राहायला आली आणि भोंगा झाला की डबा घेऊन चालत कामावर गेली. घरापासून नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर, ही चैन तेव्हा कामगाराला परवडत होती. आता विमकोचा भोंगा नाही, विमको नाका आहे.

बदलापूरला रेल्वे आली १८५६ साली, कल्याणहून खोपोलीला जाताना. त्यानंतर कितीतरी वर्षं गाड्या यायच्या, थांबायच्या आणि भात, गवत, जांभळं घेऊन जायच्या. मग गिरण्यांचा संप झाला, मुंबईतल्या खोल्या वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडू लागल्या, आणि गाडीनं बदलापुरातून माणसं न्यायला सुरुवात केली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती, २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जूनमध्ये स्टेशनाबाहेर बायका पानांत जांभळं घेऊन बसतात, तेव्हा आम्ही ती अभिमानानं घेतो. झाडं कुठे होती, ते मात्र आमच्यापैकी बरेच जण आपल्या पार्किंगकडे बोट दाखवून सांगू शकतात.

एवढं झाल्यावर 'आता बदलापूरला पहिल्यासारखं राहिलं नाही' हे वाक्य म्हणायला आम्ही मोकळे होतो. ते सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणतं? जो शेवटच्या दोन-चार वर्षांत आला तो. इथला माणूस वस्तीकडे लोकलच्या दरवाजासारखं बघतो. बाहेर असेपर्यंत "अहो, सरका जरा, आत भरपूर जागा आहे" आणि आत शिरल्याबरोबर, "कशाला चढताय, मागून दुसरी येतेय." आपल्या इमारतीनंतर एकही इमारत उठू नये, आपल्या खिडकीतला डोंगर तसाच राहावा, ही प्रत्येक सोसायटीची मनोमन मागणी असते. समोरची सोसायटीही हेच मागत असते, फक्त तिच्या आणि डोंगराच्या मध्ये आपण असतो.

म्हणून गाव शोधणारा माणूस पुढे सरकतो. वांगणी, शेलू, नेरळ. जाहिराती त्याच्याही पुढे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या चिखलोलीला स्टेशन व्हायचं ठरलं, तेव्हापासून 'चिखलोली स्टेशनपासून ५ मिनिटं' अशी घरं विकली जाऊ लागली. मिनिटं आधी तयार झाली, स्टेशन मागाहून येणार. कांजूरमार्गहून बदलापूरला येणारी मेट्रोही कागदावर आहे, आणि कागदावरच्या मेट्रोला गर्दी नसते हे कबूल केलं पाहिजे.

वांगणीचं मात्र थोडं निराळं आहे. तिथे दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यातले कितीतरी जण लोकलमध्ये छोट्या-मोठ्या वस्तू विकून घर चालवतात. भाडं झेपतं आणि कामाची जागा, म्हणजे लोकलच, दारावरून जाते. एप्रिल २०२१ मध्ये वांगणीच्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचं मूल रुळावर पडलं आणि मयूर शेळके या पॉइंट्समननं समोरून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात धावत जाऊन त्याला उचललं, ते चित्रीकरण देशानं पाहिलं. मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी त्या मायलेकांना देऊ केला. आम्ही बाकीचे परवडणाऱ्या घराबद्दल जे बोलतो, ते पार्किंग आणि बाल्कनीबद्दल असतं. ज्यांना खरोखर परवडण्याचा प्रश्न आहे, ते या बोलण्यात कधी येत नाहीत. ते मुकाट्यानं जिथे परवडतं तिथे जाऊन राहतात.

गिरणी कामगार मात्र मुकाट्यानं गेले नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. कामगारांच्या हक्काच्या घरांसाठी २०२४ साली शेलू-वांगणीच्या जागा पुढे आल्या, तेव्हा संघटनांनी सांगितलं, घर मुंबईतच हवं. बाहेरच्यांना तो हट्ट वाटला. इतक्या छान हवेत घर मिळतंय, तर का नको? पण ज्यांनी आयुष्यभर चाळीतून उतरून पायी गिरणीत पाळी गाठली, त्यांना घराची किंमत नुसत्या रुपयांत मोजायची नसते हे ठाऊक होतं.

कारण किंमत दोन ठिकाणी फेडावी लागते. एक बँकेत, दुसरी गाडीत. बदलापूरहून सीएसएमटीला दीड तास, त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस धरलं की जाऊन-येऊन दिवसाचे चार तास सहज जातात. कल्याणच्या पुढे आजवर दोनच रूळ, त्यांवरून लोकलही जातात आणि मेल-एक्स्प्रेसही. मेलला पुढे काढलं की लोकल मुकाट उभी. तिसरा-चौथा रूळ टाकायचं काम चाललं आहे, आणि ते किती आलं याची चौकशी आम्ही घरच्या माणसाच्या तब्येतीइतकी नेमानं करतो. गाडी बदलापुरातून सुटते, म्हणून बसायला मिळेल असं नवख्याला वाटतं. पण अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं आधीच डाउन करून, म्हणजे उलट दिशेनं बदलापूरला येऊन, खिडक्या धरून बसलेली असतात. जिथून सुटते तिथेच भरलेली असणारी गाडी बघायची असेल, तर आमच्याकडे या. तरीही त्या गाडीत भजनं होतात, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, चौथ्या सीटवरच्या माणसाला न सांगता अर्ध्या वाटेत बसायला दिलं जातं. शेजारच्या फ्लॅटमधल्याचं आडनाव ठाऊक नसलेल्या माणसाला डब्यातल्या सोबत्याच्या मुलीची दहावीची टक्केवारी पाठ असते. मला तर वाटतं, जुन्या अर्थानं गाव म्हणावं असं आमच्याकडे काही उरलं असेल, तर ते सकाळच्या गाडीत आहे.

आणि मागे विहीर, समोर डोंगर असलेलं ते गाव? ते आहे. पण ते आठवड्यातून एकदा उघडतं. सोमवार ते शनिवार आपण अंधारात निघतो आणि अंधारात येतो, त्या वेळी चंदेरी समोर आहे की नाही, यानं काही फरक पडत नाही. रविवारी दहा वाजता चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभं राहिलं की ती दिसते. आपण गावात घर घेत नाही, गावातला रविवार घेतो, वीस वर्षांच्या हप्त्यावर. त्या रविवारीही पाहुणे येतात.

एवढं असूनही मी कुणाला येऊ नका म्हणत नाही. मुंबईच्या भावात दुसरा मार्ग काय, हे मला विचारलं तर मलाही नकाशावरचं बोट पुढेच सरकवावं लागेल. माझं सांगणं एवढंच, की घर बघायला रविवारी येऊ नका. रविवारी सगळीच गावं चांगली असतात. सोमवारी सकाळी या, पावणेसातला फलाटावर उभे राहा आणि चढून दाखवा. एप्रिलमध्ये येऊन पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते शेजारणीला विचारा, एजंटला नको. बारवी धरण इथून जवळ आहे आणि त्याचं पाणी मिरा-भाईंदरपर्यंत जातं, याचा अर्थ ते तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढतंच असा नाही. 'रिव्हर व्ह्यू' असेल तर जुलैत या. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी इतकी चढली, की बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी नदी सगळ्यांनाच दिसत होती, 'व्ह्यू' न घेतलेल्यांनाही. महारेरावर प्रकल्पाची नोंद पाहा, पूररेषा कुठून जाते ते पाहा, भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. हे सगळं बघून झाल्यावर मग डोंगर बघा. डोंगर आधी बघितला, की बाकीचं बघायचं राहून जातं.