किल्ली कडीलाच

बूटलोडरची इमेज बांधायला कोणते टूल घ्यावे, असे कोणी विचारले की समजावे, बोर्ड आधीच विकत घेऊन झाले आहे. म्हणजे निवडही होऊन गेली आहे. चिपच्या पोटात कारखान्यातच कोरलेला बूट रॉम असतो. वीज मिळताच तो ठरलेल्या जागी जाऊन ठरलेली खूण शोधतो. खूण कशी असावी हे चिप कंपनीतल्या कुणी साहेबांनी कधीचेच ठरवून टाकलेले. ती सापडली नाही तर बोर्ड तक्रारसुद्धा करत नाही. सिरियल कन्सोलवर एक अक्षर उमटत नाही. बसा दिवा बघत.

रॉकचिपची आरके ३३९९ घ्या. एसडी कार्डावर तिचा रॉम ६४व्या सेक्टरपाशी, म्हणजे ३२ केबीवर, डोकावतो. तिथे ५१२ बाइटचा हेडर हवा, आणि तो आरसी-४ने एन्क्रिप्ट केलेला हवा. किल्ली १६ बाइटची, सगळ्यांना एकच, आणि यू-बूट या खुल्या बूटलोडरच्या सोर्समध्ये उघड छापलेली. दाराला कुलूप आणि किल्ली त्याच कडीला लटकवलेली! चोराची सोय झाली, घरच्यांना तेवढा रोजचा ताप. पुढे आरके ३५६८मध्ये हेडरच बदलला आणि हे कुलूप गेले. कुणाच्या सुरक्षेला धक्का लागल्याचे ऐकिवात नाही.

याच ३३९९ला एसपीआय फ्लॅशवरून उठवायचे तर आणखी मौज. दर ४ केबीतले पहिले २ केबीच वापरायचे, उरलेले २ केबी मोकळे सोडायचे. का? यू-बूटमध्ये हे काम करणाऱ्या कोडवर टीप आहे, तिचा मथितार्थ इतकाच, की कारण माहीत नाही. रॉमला तसेच लागते. सरकारी फॉर्मचा मागचा कागद कोरा का, हे तरी कुणी विचारते का?

ही सगळी सोंगे यू-बूटचे एमकेइमेज मुकाट्याने वठवते. रॉकचिप कंपनी मात्र बूट मर्जर, ट्रस्ट मर्जर अशी आपली वेगळी टूल्स हातात ठेवते. कहर अ‍ॅमलॉजिकचा. त्यांच्या कितीतरी चिपांसाठी इमेजवर शिक्का मारणारे टूल बंद, आणि तेही फक्त एक्स-८६ लिनक्ससाठी. म्हणजे एआरएम चिपचा बूटलोडर एआरएम मशीनवर बांधायला बसलात, तर आधी एक्स-८६चे सोंग घ्या. शेवटी वैतागलेल्या लोकांनी हेडर उलगडून जीएक्सएल-इमेज नावाचे उघडे टूल लिहिले. ऑलविनरचे तर सरळ अतिक्रमण: त्यांचा रॉम ८ केबीवर बघतो, आणि नेहमीच्या जीपीटी पार्टिशन टेबलची जागाही तीच. आधी टेबल लिहा, मग बूटलोडर लिहा, मग टेबल कुठे गेले ते शोधा. (नव्या चिपा १२८ केबीवरही बघतात. उशिरा का होईना, शहाणपण.)

हे सगळे कार्डावर ठेवायला शेवटी डीडी, सेक्टर तोंडपाठ करून. एक आकडा चुकला की बोर्ड मुके, डिस्कचे नाव चुकले की लॅपटॉप मुका.

माझे मत विचाराल तर बिनमन. यू-बूटमध्येच आहे, सायमन ग्लास यांचे काम. कुठला तुकडा कुठल्या ऑफसेटला, हे डिव्हाइस ट्रीच्या भाषेत एकदा लिहून ठेवायचे. तीन वर्षांनी दुसरा माणूस आला तरी त्याला वाचता येते. कुणाच्या शेल स्क्रिप्टमधला ‘सीक=६४’ हा आकडा उकलत बसावे लागत नाही. शिकायला जड आहे, आणि चूक झाली की पायथॉनचा ट्रेसबॅक अंगावर येतो. तरीही तेच. चिप यू-बूटच्या मूळ सोर्समध्ये नसेल, तर कंपनीचे टूल घ्या, पण त्याच दिवशी त्याची प्रत आपल्या रिपॉझिटरीत टाका. डाउनलोडचे पान तुमच्या उत्पादनाइतके जगेलच असे नाही.

अर्थात आरके ३५८८साठी रॅम सुरू करणारा तुकडा आजही कंपनीचा बंद ब्लॉबच. बिनमनला त्याचा पत्ता द्यावा लागतो. विसरलात तर ते इमेज बांधते, आणि ही चालणार नाही, अमुक ब्लॉब नाही, असे तोंडावर सांगते. एवढी सभ्यता कंपनीच्या टूलकडून अजून माझ्या वाट्याला आलेली नाही.